'ग्रँड डचेस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: व्हिक्टोरिया राणीची मुलगी ॲलिस लग्नानंतर जर्मनीतल्या हेस या राज्याची 'ग्रँड डचेस' झाली. तिच्यावर मराठीत लिहिताना 'महासरदारीण' चालेल का? आणि लग्न झाल्यावरही तिला 'राजकन्या' म्हणायचं का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, खरी मेख तिथेच आहे. 'राजकन्या'त कन्या आहे. राजाची लेक ती राजकन्या. सुनेला आपण तसं म्हणत नाही. 'प्रिन्सेस' मात्र लेकीलाही चालतं आणि सुनेलाही. म्हणून 'राजकन्या डायना' वाचलं की मला खटकतं. ती अर्ल स्पेन्सर यांची लेक, राजघराण्यात आली ती सून म्हणून.

ॲलिसचं तसं नाही. 25 एप्रिल 1843 रोजी जन्मली तीच राणीच्या पोटी. वडील प्रिन्स अल्बर्ट 14 डिसेंबर 1861 रोजी वारले. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा तिनेच केली. पुढच्या जुलैत हेसच्या लुडविगशी तिचं लग्न झालं, तेही ऑस्बोर्न हाउसच्या जेवणघरात, सगळं घर दुखवट्यात असताना. माहेरचं नातं काही लग्नाने तुटत नाही, तेव्हा 'राजकन्या ॲलिस' शेवटपर्यंत बरोबरच. फक्त हेसच्या राजधानीतला, डार्मश्टाटमधला प्रसंग सांगताना ती तिथली सून होती, हे वाक्यातून कळायला हवं.

आता 'डचेस', म्हणजे ड्यूकची पत्नी. 'ड्यूक'चं मूळ लॅटिन 'डुक्स', म्हणजे पुढे नेणारा. आपला 'नायक' असाच 'नी' धातूपासून आला. जर्मन शब्द 'हेर्त्सोग' तर आणखी गमतीचा: पहिला भाग सैन्य, दुसरा नेणारा. म्हणजे हुबेहूब आपला 'सेनानी'! पण म्हणून ॲलिसला 'महासेनानीची पत्नी' म्हटलं तर वाचक तिला छावणीत शोधेल. व्युत्पत्ती मजेची असते, भाषांतराला दर वेळी उपयोगी पडतेच असं नाही.

'महासरदारीण' मला नको वाटतं, कारण सगळे ड्यूक सरदार नसतात. इंग्लंडमधला ड्यूक म्हणजे बहुधा पदवीचा उमराव. असईची लढाई 1803 मध्ये जिंकणारा आर्थर वेलस्ली 1814 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. (त्याच्या नाकावरून खंडाळ्याच्या सुळक्याला 'ड्यूक्स नोज' नाव पडलं. आपलं 'नागफणी' कितीतरी देखणं.) त्याला सरदार म्हणा, उमराव म्हणा, बिघडत नाही. हेसचा ग्रँड ड्यूक मात्र गादीवरचा राज्यकर्ता. 1806 मध्ये हे राज्य ग्रँड डची झालं, 1871 मध्ये जर्मन साम्राज्यात सामील झालं, तरी गादी आणि सरकार स्वतःचं राहिलं. आपल्या शब्दसंपत्तीत याला सगळ्यांत जवळचा शब्द 'संस्थानिक', आणि त्याची पत्नी 'राणीसाहेब'. 1871 आधीच्या हेसला संस्थान म्हणताना जीभ थोडी अडखळते, कारण तेव्हा त्याच्यावर कोणी सम्राट नव्हता. तरीही 'सरदार'पेक्षा हे बरं. मी स्वतः पहिल्या उल्लेखात 'ग्रँड डचेस, म्हणजे हेसची राणी' असं लिहीन आणि पुढे नुसतं 'ॲलिस'.

काळाचं भानही ठेवा. लुडविगचे काका जून 1877 मध्ये वारले आणि तो गादीवर आला. ॲलिस 14 डिसेंबर 1878 रोजी गेली. म्हणजे पस्तीस वर्षांच्या आयुष्यात ती ग्रँड डचेस होती जेमतेम अठरा महिने. परिचारिका तयार करणारी तिची महिला संस्था 1867 ची, तेव्हा ती फक्त भावी संस्थानिकाची बायको होती. शेवट घटसर्पाने झाला. नवरा आणि मुलं एकामागून एक आजारी पडली, धाकटी चार वर्षांची मेरी गेली, आणि त्यांची सेवा करणाऱ्या आईलाही रोगाने गाठलं. बरोबर सतरा वर्षांपूर्वी त्याच तारखेला वडील गेले होते.

तिची थोरली मुलगी म्हणजे आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयची आई. त्या घरचं 'बॅटेनबर्ग' हे जर्मन नाव 1917 मध्ये 'माउंटबॅटन' झालं: 'बर्ग' म्हणजे डोंगर, तोच 'माउंट'. आडनावाला शब्दशः भाषांतर मानवलं, पदव्यांना क्वचितच मानवतं.

रशियात तर घोळ आणखी वाढतो. ॲलिसची मुलगी ॲलिक्स झारची पत्नी झाली. तिच्या चारही मुलींना इंग्रजीत 'ग्रँड डचेस' म्हणतात, पण मूळ रशियन पदवीत ड्यूकचा पत्ताच नाही. तिचा अर्थ 'महाराजकन्या'च्या जवळ जातो. शिवाय रशियनमध्ये लेकीला 'क्न्याझ्ना' आणि सुनेला 'क्न्यागिन्या' असे वेगळे शब्द आहेत. तेव्हा त्या चौघींपैकी अनास्तासियाला खुशाल 'राजकन्या' लिहा. तिची मावशी एलिझाबेथ, ही ॲलिसचीच दुसरी मुलगी, त्या घरात लग्न करून गेली. ती क्न्यागिन्या, म्हणजे सून. इंग्रजीत मात्र मावशी आणि भाची दोघीही ग्रँड डचेस!