जे त्यांचं आहे ते आधी सांग

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ठाणे-नवी मुंबईतलं कॉपीराइटच्या जनजागृतीचं काम तुझ्याकडे आलं हे कळल्यापासून मला फार बरं वाटतंय. तू पाठवलेला सहा महिन्यांचा आराखडा दोनदा वाचला. बारा शाळा, आठ कॉलेजं, चार ग्रंथालयं. मेहनत दिसते. पण सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर बेड्या घातलेले हात आहेत. ते काढून टाक.

तसले हात मीही दाखवले होते. वाशीतल्या एका कॉलेजात माझा पहिला कार्यक्रम होता. उभी राहिले आणि थेट कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ वर गेले: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, विषय पोचला. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी वही छातीशी धरून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, लायब्ररीच्या पुस्तकांतल्या कविता मी या वहीत उतरवून घेतल्यात. फाडून टाकू का?" तिनं वही उघडून दाखवली. प्रत्येक कवितेखाली कवीचं नाव, त्याच्याखाली लाल शाईची रेघ. स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी असं उतरवून घ्यायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे, आणि नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं. इतक्या निगुतीनं वाचणाऱ्या मुलीला मी चोर ठरवून आले होते. ठाण्याला परतताना गाडीत ती वही डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवसापासून माझा क्रम बदलला. लोकांना आधी त्यांचं काय आहे ते सांगायचं, मग सगळ्यांचं काय आहे ते. दुसऱ्याचं काय, हे सर्वांत शेवटी. तोवर ते बहुतेकांना आपलं आपणच उमगलेलं असतं.

मुलांना विचार, तुमच्यापैकी कोणी काय काय तयार केलंय? पहिल्यांदा कोणी हात वर करणार नाही. मग नावं घेऊन विचार: मोबाइलवर काढलेला फोटो? वक्तृत्व स्पर्धेचं भाषण? मंडळाच्या देखाव्याची संहिता? बहिणीच्या लग्नात रचलेल्या मंगलाष्टका? हात वर येत राहतात. तेव्हा सांग, की हे सगळं तयार झालं त्या क्षणी त्याचा हक्क तुमचा झाला. नोंदणी केली नाही तरी तुमचाच. १९५७ च्या कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. ज्याला करायची आहे त्याला कथा-कवितेसाठी ५०० रुपये शुल्क आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, डायरी क्रमांक मिळतो, कोणाची हरकत येते का यासाठी तीस दिवस थांबावं लागतं, मग छाननी. वाद उपस्थित झाला तर नोंदवहीतली ती नोंद सकृद्दर्शनी, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरायचा, पुरावा म्हणून चालते, हा खरा फायदा. मात्र नुसती कल्पना कोणाचीच नसते, हेही तिथेच सांगून टाक. 'माझी थीम ढापली' ही कॉलेजच्या नाट्यमंडळांतली नेहमीची तक्रार. सासू-सुनेच्या भांडणावर नाटक लिहायचा हक्क सगळ्यांना आहे. लिहिलेले संवाद, प्रवेशांची मांडणी, ते मात्र लिहिणाऱ्याचं.

आता एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त त्यानं शिकवलं.

बेलापूरकडच्या एका गावात, समाजमंदिरात बचत गटाच्या बायकांसमोर बोलायचं होतं. आगरी-कोळी वस्ती. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. धवलारीण. लग्नात धवले गाणारी, त्या गाण्यांवर लग्नाचे विधी पार पाडणारी. तिची तक्रार ऐक. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात कोणीतरी तिचं गाणं रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. खाली 'सर्व हक्क राखीव' आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव. पुढे तिच्याच नातीच्या लग्नाचा व्हिडिओ घरच्यांनी टाकला, तर हक्काचा दावा लागून त्याचा आवाज बंद झाला. ती म्हणाली, "गाना त्यांचा झाला, पन आवाज त माजाच हाय ना?"

मी घाईत उत्तर दिलं असतं तर 'पारंपरिक गाण्याला कॉपीराइट नसतो' एवढं बोलून मोकळी झाले असते. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि एकेक धागा सुटा केला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला धवला, ज्याचा कवी कोणाला ठाऊक नाही, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. रेकॉर्ड करणाऱ्याच्याही नाही. त्यानं स्वतः केलेल्या त्या एका रेकॉर्डिंगपुरता त्याचा हक्क असू शकतो. नातीच्या लग्नात ती पुन्हा गायली तर त्यावर त्याचा काय संबंध? आणि गाणारीचाही कायद्यात वेगळा हक्क आहे, कलाकाराचा हक्क, कलम ३८. पन्नास वर्षांचा. तिच्या गायनाचं रेकॉर्डिंग करायला तिची संमती लागते, आणि गाणारी म्हणून आपलं नाव लावलं जावं, हे मागण्याचाही तिला अधिकार आहे. मग मी विचारलं, "आजी, नवऱ्यामुलाचं नाव घालून जी कडवी गाता ती कोणी रचली?" ती चमकलीच. म्हणाली, "कोन रचनार? मीच." म्हणजे ती कडवी तिची. तिच्या हयातीत, आणि नंतर साठ वर्षं तिच्या वारसांची. शेजारची सून लगेच म्हणाली, वहीत उतरवून ठेवते, तारीख घालून.

त्या दिवशी बायका तासभर हलल्या नाहीत. कलमांचे आकडे कोणाच्या लक्षात राहिले नसतील. आपल्या गळ्यालाही कायद्यानं मान दिलाय, हे मात्र पक्कं राहिलं.

इथे एक जपायला हवं. आपण कार्यालयाकडून बोलतो, कोणाचे वकील म्हणून नाही. कायदा काय म्हणतो ते सांग, 'तुम्ही जिंकाल' असं कधीही म्हणू नकोस. पण हात झटकूनही निघू नकोस. पुढचा पत्ता सांग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. आणि कॉपीराइटचा दावा हक्कदाराला तो राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. बेलापूरच्या बाईला दावा लावायला परक्या शहरात जावं लागत नाही. या दोन वाक्यांनी लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिलाय.

सगळ्यांचं काय आहे, हे सांगायला ठाण्याइतकी सोयीची जागा नाही. गडकरी रंगायतनात एकांकिकेच्या मुलांपुढे उभी राहशील तेव्हा दारावरच्या नावापासूनच सुरुवात कर. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले. त्यांची नाटकं आता कोणीही करावीत, परवानगी नको, पैसे नकोत. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून मोकळं झालं. आचार्य अत्र्यांचं निधन १९६९ चं. त्यांच्या नाटकाला २०२९ संपेपर्यंत परवानगी लागणार. असं फळ्यावर मांडलं की मुलं स्वतःच गणित करायला लागतात, आपापल्या आवडत्या लेखकांचं. नव्या संपादकाची प्रस्तावना, कोणी केलेलं रूपांतर, अनुवाद यांचे हक्क वेगळे, तेवढं बजावायला विसरू नकोस.

नेरूळमध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा बायकांचा एक गट होता. 'कॉपीराइट लागेल' म्हणून कोणीतरी घाबरवलं आणि त्यांनी चालतं काम थांबवलं. मला फार वाईट वाटलं होतं. २०१२ च्या दुरुस्तीनं नेमकी हीच वाट मोकळी केली आहे: अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता येईल अशा रूपात, नफा न घेता पुस्तक तयार करता येतं. त्यासाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश आपला, २०१४ साली. अशी भीती दूर करणं हे तुझ्या कामात सर्वांत वरचं धर.

पण मोकळीक सांगतानाही कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकायचं नाही. लग्नाच्या हॉलचंच बघ. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रत्येक हॉलवाला हा प्रश्न विचारणार: वरातीत गाणी वाजवायला लायसन्स लागतं का? कलम ५२ मध्ये धार्मिक विधींसोबत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे. तू उत्साहानं 'लग्नाच्या नावाखाली काहीही वाजवा' असं म्हणशील तर फसशील. गोवा सरकारनं या सवलतीबद्दल काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. सरकारी कागदसुद्धा कायद्याच्या शब्दांपलीकडे गेला की टिकत नाही, मग आपल्या भाषणाचं काय घेऊन बसलीस! कलमाचे शब्द मराठीत वाचून दाखव, कुठे वाद झालेत ते सांग, आणि थांब. गणपतीतही हाच फरक करावा लागतो: आरती वेगळी, रात्रीचा ऑर्केस्ट्रा वेगळा.

आराखड्यातल्या तारखांकडे येते. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक आणि कॉपीराइट दिन, २६ एप्रिलला जागतिक बौद्धिक संपदा दिन. दिल्लीहून दोन्हींचे आदेश येतील. पण एप्रिलच्या शेवटी आपल्याकडे शाळा परीक्षा आणि सुटीच्या मध्ये असतात. वर्ग रिकामे मिळतील. ते दोन दिवस ग्रंथालयांत आणि झेरॉक्सवाल्यांबरोबर घालव. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथल्या लोकांना वाचकांची नस तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकांकिकेच्या तालमी रंगात येतात तेव्हा कॉलेजांत जा, कारण लेखकाचं परवानगीपत्र शोधायची धावपळ तेव्हाच चाललेली असते आणि तुझं बोलणं त्यांना त्याच दिवशी उपयोगी पडतं. मंडळांकडे गणपतीच्या महिनाभर आधी. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यात मजकूर जमवत असतात. लेखकांना तेव्हाच सांगायचं, की हक्क लिहून देताना मुदत घाला. कागदावर मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पाच मिनिटांची माहिती, पण लिहिणाऱ्याच्या जन्मभर कामी येते.

आकड्यांचा दबाव येईल. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या बौद्धिक संपदेच्या राष्ट्रीय मोहिमेनं दहा लाख विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवलं होतं आणि मुदतीआधी गाठलं. हे मोठं काम आहे, त्याला कमी लेखू नकोस. उपस्थिती, फोटो, अहवाल वेळेवर पाठव. पण त्याच्या जोडीला एक वही ठेव आणि तिच्यात फक्त लोकांचे प्रश्न लिही, त्यांच्याच शब्दांत. माझ्या वहीत 'श्रेय दिलं की चालतं ना?' हा प्रश्न इतक्यांदा आला की शेवटी मी त्याच एका प्रश्नावर पत्रक काढलं. (नाही चालत. श्रेय देणं वेगळं, परवानगी वेगळी.) ज्या पत्रकाचा जन्म वहीतून झाला तेच लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं. वरून आलेली, हिंदीतली वाक्यं मराठीत फिरवलेली पत्रकं खुर्च्यांवर राहिली. 'प्रतिलिप्यधिकार' म्हणालीस तर लोक तोंडाकडे बघतील. 'सर्व हक्क लेखकाधीन' म्हण, पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर त्यांनी ते लहानपणापासून वाचलंय.

एक शेवटची गोष्ट, जी मला अजून टोचते. त्याच पत्रकासाठी डोंबिवलीच्या एका मुलाकडून चित्र काढून घेतलं होतं. पैसे रीतसर दिले. छापताना त्याचं नाव राहून गेलं. त्यानं भांडण केलं नाही. पत्रक हातात घेऊन आला आणि चित्राखालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभा राहिला. हक्क विकत घेतले तरी चित्र कोणाचं हे सांगण्याचा कलाकाराचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, हे कलम ५७ मी शेकडो लोकांना समजावलं होतं. आम्ही उरलेल्या सगळ्या प्रतींवर बसून हातानं त्याचं नाव लिहिलं, दोन दिवस लागले. तुझ्या आराखड्यातल्या स्लाइडवर वारली चित्रं आहेत. वारली शैली कोणा एकाची नाही, पण ती चित्रं कोणाच्या तरी हातची आहेत. कोणाची, ते शोध. विचार, मानधन दे, नाव घाल.

माझी प्रश्नांची वही तुझ्यासाठी काढून ठेवली आहे, येशील तेव्हा घेऊन जा. आणि बेलापूरच्या त्या धवलारणीच्या सुनेचा परवा फोन आला होता. रेकॉर्डिंगला संमती देताना सही करायला एक साधं मराठी पत्र हवंय: कोण गाणार, कोण रेकॉर्ड करणार, कुठे वापरणार, किती वर्षं, किती पैसे, नाव कसं लागणार. एका पानात बसेल असं, मोठ्या अक्षरांत, कारण आजींना जाडा टाइप लागतो. मी कच्चं लिहिलंय, पण कायद्याच्या शब्दांशी तू ताडून बघ. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, त्याआधी ते त्यांच्या हातात पडायला हवं.