मस्कडाइनची वाइन पाणचट का झाली?

प्रश्न : नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलीने मस्कडाइन द्राक्षांची वाइन केली, साखर न घालता. ती आंबट, पाणचट आणि गढूळ झाली. काय चुकलं? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : साखरच चुकली. या जाड सालीच्या द्राक्षांत ती बहुधा 14-16 ब्रिक्सच (म्हणजे 100 ग्रॅम रसात 14-16 ग्रॅम) असते, त्यामुळे अल्कोहोल कमी बनतं. रस हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने) मोजून 21-22 ब्रिक्सपर्यंत न्यावा. लिटरमागे 12 ग्रॅम साखरेने साधारण एक ब्रिक्स वाढतो. गढूळपणा पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या चिकट द्रव्याचा असावा. यीस्टच्या बारा तास आधी ते तोडणारं पेक्टिक एन्झाइम घालावं. आंबटपणा मारायला भसाभस पाणी मात्र ओतू नये, मस्कडाइनचा तो दरवळच विरतो, आणि खरी मजा त्यातच! चव 8-10 अंश सेल्सिअसवर घ्यावी. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत ठेवलेल्या बाटलीला नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. इथे घरी वाइन करायला परवाना लागतो.