आधी पत्रा, मग रंग

भावा, आजोबांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मांगरातून (शेडमधून) बाहेर काढलीस, छान केलंस. पण स्प्रे गन आणायची घाई नको.

आधी मॅट उचल आणि स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर, दाराखालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी ठोकून बघ. खणखणीत आवाज आला तर वरचा गंज घासून निघेल. टोक आरपार गेलं तर तो पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागणार. या गाडीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही, पत्राच सगळा भार पेलतो. माझ्या पहिल्या गाडीत मी भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवून वर झकास रंग मारला. एका पावसात फुगे आले, बोट लावलं की पापुद्रा हातात. आपल्या खाऱ्या वाऱ्यात आत राहिलेला गंज गप्प बसत नाही.

बाकी थोडक्यात:

- आरसी बुक आणि पासिंगचं आधी बघ. कागद नसतील तर पैसे ओतू नकोस.
- गाडीखाली जांभ्या दगडाचे चिरे लावून शिरू नकोस, ते फुटतात. जॅक स्टँडच घे.
- वेल्डिंगआधी बॅटरी सोड, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेव.
- सगळी गाडी एकदम खोलू नकोस. एकेक भाग, आधी फोटो, नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यात.
- घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर. पावसाळ्यात हे काम काढूच नकोस.

ब्रेक रंगाच्या आधी. इंजिनाचं नंतर बोलू. फ्लोअरचे फोटो तेवढे पाठव.