प्रॉडक्शन सर्व्हरवर (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर) डेव्हलपरना रूट अ‍ॅक्सेस, म्हणजे काहीही करण्याचा पूर्ण अधिकार, कायमचा द्यावा की मागेल तेव्हा? मंजुरी कोणाची घ्यावी?

मागेल तेव्हाच, आणि मुदत घालून. एक-दोन तास बहुतेक कामांना पुरतात.

मंजुरी त्या सिस्टीमच्या मालकाची घ्या. मॅनेजरला माणूस माहीत असतो, सर्व्हर नाही; तो डोळे झाकून ‘अप्रूव्ह’ दाबतो. स्वतःची विनंती स्वतःच मंजूर करणं तर मंजुरीच्या टूलमध्येच बंद हवं. विनंतीत तिकीट नंबर, कोणता सर्व्हर आणि नेमकं काय करणार एवढं असावं. नुसतं ‘डीबगिंग’ लिहिलं असेल तर परत पाठवा.

बहुतेकांची फसगत मुदतीत होते. एसएसएच सर्टिफिकेटची (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या डिजिटल परवान्याची) मुदत फक्त लॉगिन करताना तपासली जाते. तासाभराचं सर्टिफिकेट संपलं तरी आधी उघडलेलं सेशन चालूच राहतं, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सेशन जिवंत ठेवणारं टूल) असेल तर दिवसेंदिवस. म्हणून मुदत संपताच सेशन तोडणारा गेटवे (लॉगिन ज्यातून जातात तो मधला सर्व्हर) किंवा स्क्रिप्ट लागतेच.

सुडोमध्ये (ठरावीक कमांड रूट म्हणून चालवू देणाऱ्या टूलमध्ये) फक्त ‘व्हिम’ (एडिटर) किंवा ‘लेस’ची (फाइल वाचायच्या कमांडची) परवानगी देणं म्हणजेही रूटच देणं, कारण दोन्हींतून शेल, म्हणजे कोणतीही कमांड देता येईल अशी जागा, उघडता येतं. फाइल बदलायची असेल तर ‘सुडोएडिट’ द्या; त्यात एडिटर रूट म्हणून चालत नाही.

मंजुरीची यंत्रणाच बंद पडली तर? त्यासाठी एक आणीबाणीचं खातं वेगळं ठेवा. ते वापरलं की लगेच अलर्ट जावा आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.