वाचकांचे प्रश्न : ट्रेलरचा बॉल आणि कपलर

प्रश्न : जीपमागे जोडायला जुना दोन चाकी ट्रेलर घेतला. बाजारातून दोन इंची बॉल आणून जीपला बसवला, पण ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला बॉलवर बसणारी जी वाटी असते, त्या कपलरची खिट्टी पूर्ण बसत नाही. हातोडीने ठोकली की बसते. असंच चालवलं तर? (निपाणी)

चालवू नका. तुमचा कपलर बहुधा ५० मिलिमीटरचा आहे आणि दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरचाही नाही, पण तेवढ्याने खिट्टी बॉलखाली पुरती न शिरता मध्येच अडते. ठोकून बसवलेली खिट्टी तवंदी घाटातल्या एखाद्या दणक्याला सुटू शकते. उलटा प्रकार तर जास्त फसवा : दोन इंची कपलरात ५० चा बॉल सहज जातो, खिट्टीही लागते, पण आत खुळखुळतो आणि खड्ड्यात कपलर वर उचलला जाऊ शकतो.

कपलरवर माप कोरलेलं असतं. गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशने घासून बघा. ५० मिलिमीटर आणि दोन इंच सोडून १ ७/८ इंच (४७.६ मिलिमीटर) आणि अवजड ट्रेलरसाठी २ ५/१६ इंच (५८.७ मिलिमीटर) अशीही मापं येतात. बॉलच्या माथ्यावर आकडा नसेल तर व्हर्नियरने मोजा. ५० चा बॉल कुठल्याही बाजूने झिजून ४९ वर आला की तो भंगारात टाका.

मापाबरोबर वजनाचा आकडाही जुळला पाहिजे. जीपच्या पुस्तकात दिलेली ओढण्याची मर्यादा, मागची हिच (बॉल ज्यावर बसतो तो जीपमागचा सांगाडा), बॉल आणि कपलर या चौघांत जो आकडा सर्वांत कमी, तोच धरायचा. काही बॉलवर वजनाऐवजी ‘डी’ मूल्य (बॉल किती ओढ सहन करतो त्याचा आकडा) किलोन्यूटनमध्ये असतं. भरलेली जीप आणि भरलेला ट्रेलर या दोन्ही वजनांचा (टनांत) गुणाकार करा, त्यांच्या बेरजेने भागा आणि ९.८१ ने गुणा. भरलेली जीप २.२ टन आणि भरलेला ट्रेलर ०.७५ टन असेल तर उत्तर येतं सुमारे ५.५. बॉलवरचा आकडा त्याहून मोठा हवा.

प्रश्न : उद्यमबागेत लेथवर बॉल काढून मिळेल, विकतच्यापेक्षा स्वस्त. घ्यावा का? (बेळगाव)

उद्यमबागेतल्या हातांबद्दल शंका नाही. प्रश्न धातूचा आहे. चांगला बॉल घडवलेल्या पोलादाचा असतो. साध्या गोल बारमधून कातलेल्या बॉलच्या मानेशी हत्याराचा धारदार कोपरा राहिला की भेग तिथूनच सुरू होते, आणि ती वरून दिसत नाही. प्लेटवर वेल्डिंग केलेला बॉल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

बॉल बसवायच्या प्लेटमधल्या भोकाचं काम मात्र तिथेच करून घ्या, आणि ते ड्रिलने, गॅसकटरने नको. बॉलच्या एक इंची दांड्याला (२५.४ मिलिमीटर) भोक २७ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. मोठं झालं तर वॉशर भरून भागवू नका, प्लेट बदला. स्प्रिंग वॉशर घालून नट सुमारे ३४० न्यूटन-मीटरवर आवळा. पाऊण इंची दांड्याला २१७ पुरे. त्यासाठी टॉर्क पाना लागतो, अंगाची ताकद लावून अंदाज येत नाही. नटाखाली दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

प्रश्न : जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरताना ट्रेलर शेपटीसारखा हलतो. बॉल बदलावा का? (खानापूर)

आधी सामान बदला. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलरच्या दांड्याचं तोंड हलकं होतं आणि ट्रेलर झोकांड्या खायला लागतो. बॉलवर ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के भार यायला हवा : ७५० किलोला ७५ किलो. मात्र हिचवर आणि बॉलवर लिहिलेली खालच्या दाबाची मर्यादा ओलांडू नका. मोजायला भुसारी दुकानातला काटा चालतो. बॉलच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवा, कपलर त्यावर टेकवा आणि आकड्यातून ठोकळ्याचं वजन वजा करा.

जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. वाटेत झोकांड्या सुरू झाल्याच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

निघण्याआधी एक परीक्षा : ट्रेलरचं तोंड जॅकने थोडं उचला. जीपची मागची बाजू सोबत वर आली तर कपलर बसला. नुसता कपलर उचलला गेला तर खिट्टी बॉलच्या वरच बंद झालेली आहे. साखळ्या दोन हव्यात, कपलरखालून एकमेकींवर आडव्या नेलेल्या. म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्यांच्या झोळीत राहतो, रस्त्यात रुतत नाही.

प्रश्न : उसाच्या ट्रॉलीला पिनेऐवजी बॉल बसवता येईल का? (अथणी)

नाही. एका ट्रॅक्टरमागे भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे जीपच्या बॉलच्या ताकदीबाहेरचं काम. पिनच ठेवा, पण ती खरी पिन हवी. सळईचा तुकडा किंवा कुठला तरी बोल्ट नको. खाली क्लिप असलीच पाहिजे, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पिन उड्या मारत वर येते. पिन झिजून तिला गळा पडलेला दिसला की त्याच दिवशी बदला. ट्रॉली ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढपट्टीलाच) जोडा. टॉपलिंकच्या (वरच्या जोडदांड्याच्या) जागी अडकवली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात.