संगीत, शिक्षण आणि समाजकार्य यांत आयुष्य घालवल्यावर मागे वळून पाहताना काय वाटतं? कशाची खंत राहिली का?

राहिली. पण आधी बरं झालेलं सांगते.

मी मिरजेची, वय 74. शाळेत संगीत शिकवलं, संध्याकाळी घरी गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षांना बसणारी मुलं. गायिका म्हणून नाव झालं नाही. ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णू दिगंबर पलुस्करांसारखे थोर गवई शिकले, तिथे त्याचं रडगाणं कोण ऐकणार!

समाजकार्य हा शब्द मला जरा जड वाटतो. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आलं आणि शाळेने मला जवळच्या गावात रात्रीच्या वर्गाला धाडलं, एवढंच. दिवसभर हळदीच्या रानात राबून आलेल्या बायका. "बाई, शिकून आता काय तहसीलदार व्हायचंय?" पाटीवर 'ग' काढताना जांभया देत. एकदा कंटाळून मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, ओव्या म्हणा. गिरणी येऊन वर्षं झाली होती, दळायची जाती कोपऱ्यात गेलेली, पण थोरल्यांना ओव्या पाठ. एकीने म्हटलेली मी फळ्यावर लिहिली आणि तिच्याच हातात छडी देऊन शब्दाशब्दावर ठेवायला सांगितली. ती गात गात सरकली, शेवटी थबकली. "बाई, एक शबुद जास्ती झालाय." खरंच, मी सवयीने मध्ये 'आणि' घुसडला होता. अक्षर न ओळखणाऱ्या बाईने माझी चूक काढली! त्यानंतर अंकलिपी मागे पडली, आम्ही ओव्याच वाचल्या. पुढचा शब्द तोंडात असला की डोळा अक्षराला भीत नाही, हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

आता खंत. माझ्याकडे एक मुलगा गायचा, गळा मधाचा. वर्गाची पेटी काळी चारला, म्हणजे उंच पट्टीत. आठवीत त्याचा आवाज फुटला, आणि प्रवेशिका पूर्णची परीक्षा महिन्यावर. मी म्हटलं, तू यंदा राहू दे, टाळ धर. खरं तर पट्टी खाली उतरवून त्याला रोज दहा मिनिटं हलकं गाऊ द्यायला हवं होतं. मला निकालाची पडली होती. तो पुन्हा गायला बसलाच नाही.

आज तो मिरजेतल्या वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांची जवारी काढतो, म्हणजे तारेचा नाद गुंजता करतो. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा घासायची. माझा तंबोरा त्याच्याकडेच जातो. पैसे घेत नाही, मी बळेच ठेवते. मागच्या महिन्यात खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार छेडून म्हणाला, "बाई, ऐका आता." नाद खोलीभर भरला. त्या परीक्षेचा विषय काढायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.