वॉर्म मिक्स की हॉट मिक्स: भेगा मोजण्याआधी हे बघ

अरे, रस्त्याच्या डांबर-खडीच्या मिश्रणांत वॉर्म मिक्सला भेगा कमी पडतात की नेहमीच्या, जास्त तापवलेल्या हॉट मिक्सला, याचा निकाल सांगलीच्या रस्त्यावर भेगा मोजून लगेच देऊ नकोस. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि कडेने लांबलचक भेग वर येते. त्यात मिक्सचा काय दोष? आधी भेगेवरच कोअर, म्हणजे रस्त्याचा गोल कापलेला उभा नमुना काढ. भेग वरून खाली गेलीय की खालून वर आलीय, हे कोअर हातात घेतला की दिसतं. तळातून आलेली भेग म्हणजे खालचे थर आणि जाडी तपासायची.

आता मिक्सचं. वॉर्म मिक्स हॉट मिक्सपेक्षा साधारण २० ते ४० अंश सेल्सिअस कमी तापमानाला बनतं, म्हणून प्लांटवर डांबर कमी करपतं. सुरुवातीला ते जरा लवचीक राहतं. भेगांसाठी चांगलं, पण उसाच्या ट्रॉल्यांखाली चाकोरी पडायचा धोका तेवढाच. ताज्या नमुन्यावर वॉर्म मिक्स जिंकलं म्हणून हुरळू नकोस. नमुने ८५ अंशांवर ५ दिवस ओव्हनमध्ये ठेवून, म्हणजे डांबर मुरून जुनं झाल्यासारखं करून, मग भेग-चाचणी घे, फरक बराचसा कमी झालेला दिसू शकतो. दोन्हीकडे डांबराचा ग्रेड, खडी आणि मिश्रणातली हवेची पोकळी सारखीच हवी, नाहीतर सगळी तुलनाच फोल.

महाबळेश्वरकडचं काम असेल तर माझं पहिलं लक्ष पाण्यावर. कमी तापमानात ओली खडी पुरती वाळत नाही, डांबर सुटतं. ओल्या-कोरड्या ताणबळाचं गुणोत्तर (पाण्यात ठेवलेल्या नमुन्याची ताण सोसायची ताकद कोरड्याच्या किती टक्के उरते ते) ८० टक्क्यांखाली आलं, तर भेगांची चर्चा नंतर. आयआरसी एसपी १०१, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची वॉर्म मिक्सवरची मार्गदर्शिका, एकदा नीट वाच; ठेकेदाराने वाचलेलं असेलच असं नाही.